भाकरीची गाडी

वलवणच्या आमच्या घरात माझ्या लहानपणी घड्याळ नव्हतं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. वेळ आगगाड्या सांगत. रूळ आमच्या दारातून दिसत नसत, मध्ये भातखाचरं होती आणि बांबूचं एक बेट होतं. पण आवाज थेट चुलीपर्यंत यायचा. मुंबईहून घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला दम खाऊन पुण्याकडं निघाली की आधी शिट्टी आणि मग चाकांचा खडखडाट. या गाड्यांना रेल्वेनं मोठमोठी नावं दिली होती. ती आम्हाला ठाऊक होती, पण वापरात नव्हती. आमच्या घरात पहाटेची ती चुलीची गाडी, कारण ती गेली की आई चूल पेटवायची. तिच्यानंतरची गुरांची, तिच्यावर गोठ्याचं दार उघडायचं. मग भाकरीची. ती जाईपर्यंत भाऊंची भाकरी फडक्यात बांधून तयार असायलाच हवी, कारण तिच्या मागोमाग ते तुंगार्लीच्या एका बंगल्यावर बागकामाला निघायचे आणि आम्ही पोरं शाळेला. संध्याकाळची ती पाहुण्यांची. शेजारच्या गंगामावशीकडं याच गाड्यांना निराळी नावं होती. आमची भाकरीची गाडी म्हणजे तिच्या घरी सासऱ्याच्या औषधाची. तरी कधी कुणाचा गोंधळ झाला नाही.

भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांची बहीण त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला शिकलो. बंगल्याच्या मालकिणीनं एकदा त्यांना जुनं टेबलावरचं घड्याळ देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. "त्याला रोज चावी द्यावी लागती. गाडीला कोन देतंय?" असं ते चारचौघांत सांगायचे आणि चारचौघं माना डोलवायचे. मला वाटतं, मनातून त्यांना त्या घड्याळाची थोडी भीती वाटली असावी. घरात एकदा घड्याळ आलं की उशीर झाला हे कबूल करावं लागतं.

घराचा कान म्हणजे मी. माझ्याहून धाकटा भाऊ होता, पण त्याला मालगाडी आणि प्रवासी गाडी यातला फरक कळत नसे. मी चुलीपुढं बसून, झोपेतून उठून, अगदी न्हाणीतूनसुद्धा सांगू शकत असे की आता गेली ती कोणती. या विद्येचा मला फार गर्व होता. पुढं आयुष्यभर मी एका कचेरीत नोकरी केली, बढत्याही मिळाल्या, पण तसा गर्व पुन्हा कधी वाटला नाही. आता मी त्याच तुंगार्लीत लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. शनिवार-रविवारी खाली मोटारींची रांग लागते, तिचे भोंगे एवढे चालू असतात की आगगाडी केव्हा येते आणि केव्हा जाते ते कळत नाही. कळून करायचंय तरी काय, भाकरी कुणाला बांधायचीय!

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आमच्या घरात हौसाआत्या होती. भाऊंची एकुलती एक बहीण, वय चोविसाच्या आसपास, सातवी पास. गावातल्या बायांमध्ये सातवीपर्यंत गेलेली तीच. तिला पवन मावळात दिलं होतं. तिथून ती एका दुपारी एकटी चालत आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मी काय आता जायची न्हाई." नवऱ्यानं तिला जोखडाच्या शिवळेनं, त्या लाकडी खुंटीनं, मारलं होतं. डावं मनगट मोडलं ते धड बसलं नाही. त्या हातानं तिला भाकरी थापताना त्रास व्हायचा, म्हणून ती उजव्या हातानंच थापायची, आणि तरी तिची भाकरी आईच्या भाकरीपेक्षा पातळ. आत्या थट्टेखोर होती, तोंडाची तिखट होती, आणि मी तिच्या मागंमागं असायची. रात्री तिच्याच गोधडीत झोपायची. ती आली तेव्हा मला कुणीतरी मोठी जत्रा घरी आणून ठेवल्यासारखं वाटलं होतं. तिला काय वाटत होतं हे विचारायचं माझं वय नव्हतं आणि मोठ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

आठ महिने झाले तरी तिच्या सासरचे निरोप थांबेनात. भाऊ वाईट नव्हते. पण गावात मान खाली जाऊ नये, पाहुण्यांशी वैर नको, आणि बहीणही दुखावू नये, अशा तिन्ही गोष्टी त्यांना एकदम हव्या होत्या. त्यात बालवाडीचं निघालं. आमच्या गावाजवळच्या धरणाच्या वरच्या अंगाला एक ठाकरवाडी होती, तिथं बालवाडी सुरू होणार होती आणि सातवी पास बाई हवी होती. आत्यानं अर्ज केला. मुलाखतीचं कार्ड आलं त्या दिवशी भाऊ जेवता जेवता म्हणाले, "नोकरी लागली तर ऱ्हा. मी पाव्हन्यांना सांगीन, बाई सरकारी कामावर हाय. न्हाई लागली तर मंग मला त्यांच्यापुढं काय बोलायला जागा ऱ्हात न्हाई, हौसा. रईवारी ते येनार हाईत."

"बरं," आत्या म्हणाली. तिनं कार्ड वाचून दाखवलं: गुरुवारी सकाळी ठीक दहा वाजता, मूळ दाखल्यासह, लोणावळ्यात बाजारामागच्या शाळेच्या खोलीत. दाखला तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोरा गुंडाळला आणि ती देवाच्या फळीवर ठेवली.

आषाढ संपत आला होता. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली होती, त्यामुळं खाचरांत काम नव्हतं. लोणावळ्याचं धुकं ज्यांनी नुसतं सहलीला येऊन पाहिलं आहे त्यांना ते फार आवडतं. आमच्याकडं ते घरात शिरायचं. दारातून गोठा दिसत नसे, वाळत घातलेली कापडं चार-चार दिवस ओली राहायची, मिठाला पाणी सुटायचं आणि सूर्य कुठं आहे हे पंधरा-पंधरा दिवस कळत नसे. गुरुवारीही तसंच होतं. चुलीची गाडी वेळेवर गेली, गुरांचीही गेली. आत्यानं आंघोळ करून तिची एकुलती एक धड साडी नेसली, निळी, बारीक काठाची. आई म्हणाली, "आत्ताच निघा की दोघी, जरा आदी गेलेलं बरं." मला तिच्या सोबत पाठवायचं ठरलं होतं.

"लवकर जाऊन दारात भिजत हुबी ऱ्हाऊ व्हय, वयनी? चिंब साडीत बाईसायबापुढं जायचं तर जाऊच कशाला? भाकरीची गेली की निघतो. अर्ध्या तासाची तर वाट हाय."

यात चूक काही नव्हतं. मग आम्ही भाकरीच्या गाडीची वाट बघत बसलो.

ती सकाळ मला अजून तासा-तासानं आठवते, म्हणजे त्या दिवशी तास कळले असते तर. आईनं भाकऱ्या करून टोपलं भरलं. गाडी आली नाही, म्हणून तिनं गवती चहाचा काढा ठेवला. तो पिऊन झाला तरी गाडी आली नाही, म्हणून आत्यानं चुलीच्या निखाऱ्यांत आठळ्या पुरल्या. फणसाच्या त्या भाजक्या बिया आम्ही फुंकून फुंकून खाल्ल्या. भाऊ निघायला तयार होऊन, घोंगडी खांद्यावर टाकून ओसरीवर बसले होते. तेही पुन्हा आत येऊन बसले. एरवी या वेळी त्यांच्या हातात आठळी कुणी पाहिली नसेल. गंगामावशी तपकीर मागायला म्हणून आली ती तिथंच रमली. सासऱ्याचं औषध द्यायचं होतं, पण गाडी आली नव्हती. आत्यानं आपल्या सासूची नक्कल केली, दळण चोरून खाताना पकडलेल्या बोकडासारखं तोंड करून. आई हसता हसता रडायला लागली. शाळेची घंटा झाली नव्हती, कारण आमचे गुरुजी कामशेतहून गाडीनं यायचे आणि तेच आले नव्हते. म्हणजे शाळेनंही आम्हाला पाठिंबाच दिला. मध्येच आत्या विचारायची, "रंजे, गेली का गं?" मी कान देऊन म्हणायची, "न्हाई अजून." आणि मला मनातून आनंद व्हायचा. खरं सांगायचं तर मी देवाला म्हणत होते की ती येऊच नये. आत्याला नोकरी लागली तर ती वाडीवर राहायला जाईल असं कुणीतरी बोललं होतं. रविवारचं मला माहीत होतं, पण रविवार लांब होता.

भाऊ एकदा म्हणाले, "आज सकाळ लय लांबली, न्हाई?"

"आखाडात लांबतीच," गंगामावशी म्हणाली आणि तिनं आणखी एक आठळी उचलली. धाकट्याला धरून सहा माणसं त्या खोलीत होती, आणि गाडी उशिरा येऊ शकते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. गाडी आली नाही म्हणजे वेळ झाली नाही. याहून साधं काय असतं?

शेवटी शिट्टी झाली. मी ओरडले, "भाकरीची!" आत्या उठली, देवाच्या फळीवरची पिशवी घेतली, आईनं तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि आम्ही छत्री घेऊन निघालो. चिखलातून साडी वर धरून ती झपाझप चालत होती आणि वाटेत मला बालवाडीत म्हणायची गाणी शिकवत होती, म्हणजे आपली आपण उजळणी करत होती. बाजारात शिरलो तर चिक्कीच्या दुकानापुढं माणसं घोळक्यानं उभी. घाटात दरड पडली होती. गुरांच्या गाडीनंतर एकही गाडी वर आली नव्हती, खालीही सोडली नव्हती, पुण्याकडच्या गाड्या मागच्या मागं थांबवून ठेवल्या होत्या. आत्ता कुठं पहिली सुटली. आत्या थांबली. दुकानात भिंतीवर गोल घड्याळ होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि माझा हात असा धरला की बांगडी रुतली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आम्ही धावलो. शाळेच्या खोलीत एक बाई आणि एक कारकून कागद आवरत होते. बाई तालुक्याहून आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. मी दाराशी उभी राहिले, आत्या आत गेली. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती.

"मुलाखती संपल्या," बाई म्हणाल्या. "दहाची वेळ होती."

"व्हय बाई. पन गाडी आली न्हाई."

बाईंनी अर्ज चाळून तिचा शोधला. "तुम्ही तर वलवणच्या. चालत आलात ना? मग तुम्हाला गाडी कशाला लागते?"

"बसायला न्हाई, बाई. निघायला." आणि मग आत्यानं त्यांना सगळं सांगितलं. चुलीची गाडी, गुरांची गाडी, भाकरीची गाडी. ती फार सरळपणे सांगत होती, एखादा पत्ता सांगावा तसं. कारकून आधी तोंडावर हात ठेवून आणि मग हात न ठेवता हसला. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला पुढं अनेकदा वाटलं. त्या म्हणाल्या, "हे बघा, लहान मुलांना वेळेवर उठायची-बसायची सवय लावायची, हेच तर बालवाडीचं काम. शिवाय निवड झालीय. कुसगावच्या एक बाई साडेनऊलाच येऊन बसल्या होत्या."

आत्यानं पिशवीचा दोरा सोडलाच नव्हता. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. बाईंचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मीही पुढं कचेरीत उशिरा येणाऱ्यांची नावं लाल शाईनं लिहिली आहेत. पण लिहिताना दर वेळी ती निळी साडी डोळ्यांपुढं यायची, आणि मी आधी त्या माणसाला कारण विचारायची. बहुतेकांची कारणं खोटी असत.

परतीच्या वाटेवर आत्यानं चिखलातून साडी वर धरलीच नाही. धरणाच्या वाटेला लागल्यावर मी रडायला लागले आणि सांगून टाकलं की मी देवाला गाडी नको म्हणून सांगितलं होतं. तिनं छत्री माझ्या डोक्यावर धरली. "तुज्या सांगन्यानं दरड पडती व्हय? एवढी चालती तुझी देवाकडं, तर माजं बी काय सांगायचं व्हतंस." मग ती थोडी हसली.

घरी सगळं कळल्यावर आई चुलीपुढं बसून राहिली. भाऊ कामावर न जाता अर्ध्या वाटेवरून परतले होते; वाटेत कुणीतरी बारा वाजून गेल्याचं सांगितलं, मग बंगल्यावर जाऊन काय सांगणार? त्यांनी सगळं ऐकलं आणि काहीच बोलले नाहीत. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. शनिवारी संध्याकाळी आत्यानं दोन लुगडी, एक पोलकं, दाखल्याची पिशवी असं गाठोड्यात बांधलं. मी तिच्या गोधडीत तिच्या पाठीला चिकटून झोपले. मला खात्री होती की सकाळी ती जाणार, तिचं दुसरं मनगटही मोडणार, आणि यात माझा हात आहे.

रविवारी तिघं आले: आत्याचा नवरा, त्याचा थोरला भाऊ आणि त्यांच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ. ओसरीवर घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चहा दिला. नवरा मान खाली घालून बशी फुंकत होता. बोलणं थोरल्याचंच. "नोकरीचं काय न्हाई झालं म्हनं. मंग आता आटपा. पाऊस हाय, लवकर निघाया हवं."

भाऊंनी बशी खाली ठेवली. "न्हाई झालं खरं. पन ते आमच्या घरामुळं न्हाई झालं. तिच्यात काय कमी व्हतं म्हनून न्हाई. आमी समदी हितं बसून आठळ्या खात व्हतो, मी सुदिक. चूक घराची, आन् दंड तिनं का भरावा?"

"म्हंजी?"

"म्हंजी हौसा येनार न्हाई."

"आज न्हाई, का कदीच न्हाई?"

"कदीच न्हाई. तिचा हात बगितलाय का तुमी, पाव्हनं? बगा एकदा. मी आट म्हैने रोज बगतोय." भाऊंचा आवाज चढला नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी समजुतीचं काहीतरी काढलं, थोरला गावकी बोलवायची भाषा बोलला, नवऱ्यानं पहिल्यांदाच तोंड उघडून "चला की" म्हटलं, आणि तिघं धुक्यात दिसेनासे झाले. पुढं गावकी बसली, दोन वर्षं बोलणी चालली, तो सगळा वेगळा पसारा आहे. आत्या परत गेली नाही, एवढं खरं. बालवाडीतही ती कधी लागली नाही. तिची सगळी नोकरी चिक्कीच्या एका भट्टीवर झाली, आणि तिथं ती भट्टीवाल्यालासुद्धा नक्कल करून हसवायची.

पाहुणे गेल्यावर आईनं डोळे पुसले आणि मी नाचायला सुरुवात केली. भाऊ ओसरीवरच बसून होते. मला वाटतं त्यांना स्वतःचंच नवल वाटत असावं, आणि थोडं बरंही. आत्या आतल्या खोलीतून बाहेर आली. ती पाया पडेल, निदान रडेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती भाऊंच्या पुढं उभी राहिली.

"भाऊ, हे तुमाला आदीबी बोलता येत व्हतं?"

भाऊ म्हणाले, "व्हय... येत व्हतं."

"मंग आट म्हैने का न्हाई बोललात? मी त्या बाईपुढं चिखलात हुबी ऱ्हायले. सातवीचा कागद हातात धरून. माझ्याच घरात ऱ्हायला."

भाऊंनी मान खाली घातली. आजवर मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. गुरुवारची सकाळ आमच्या घरातली सगळ्यात सुखाची सकाळ, असं मी तोवर धरून चालले होते. आम्ही सगळे सुखात होतोच. त्या आठळ्या भाजणारी मात्र पाहुणी होती, आणि ते मला कळलं नव्हतं. कळायला हवं होतं असं अकरा वर्षांच्या पोरीबद्दल कुणी म्हणणार नाही, मी म्हणते.

आत्या वळून चुलीपाशी आली. गाठोडं तसंच पडलं होतं, त्याच्याकडं तिनं पाहिलंही नाही. ती पाटावर बसली, हात लांब करून टोपल्यातली भाकरी आपली आपण घेतली, मोडली आणि खायला लागली. ती संपवून दुसरी घेतली. मग तिसरी. आठ महिन्यांत तिनं कुणी वाढल्याशिवाय टोपल्यात हात घातलेला मी पाहिला नव्हता. आईनंही पाहिला नसावा, कारण ती एकटक बघत राहिली. मग तिनं परात पुढं ओढली आणि आणखी पीठ घेतलं.